वर काय?

मित्रांनो, मी एक जुना रडार आहे. आता वर्कशॉपच्या फळीवर धूळ खात बसलो आहे, पण उमेदीची सारी वर्षे मी एका फेरीबोटीवर काढली. डोलकाठीवर माझी अँटेना गरगरत असे आणि खाली काचेवर मी आसपासच्या होड्यांचे ठिपके दाखवत असे. मधोमध आमची बोट.

बोटीचा कप्तान भाऊ, आणि त्याच्या जोडीला धाकटी बहीण. माझे चित्र लावायच्या दोघांच्या दोन तऱ्हा. भाऊ 'नाक वर' लावी. बोटीचे नाक जिकडे, ती बाजू पडद्यावर वर. खिडकीतून जे उजवीकडे, ते माझ्यातही उजवीकडे. बोट वळली की मात्र सगळे चित्र फिरे. बहीण 'उत्तर वर' लावी. मग चित्र तिच्या नकाशासारखे जागच्या जागी राही.

"तुझ्या चित्रानं भोवळ येते, दादा."

"आणि तुझ्यात दक्षिणेला निघालो की उलटं टांगल्यासारखं वाटतं मला."

येईल तो बटण फिरवी. सांगायचे मात्र राहून जाई.

एका सकाळी दाट धुके होते. माणसांनी भरलेली बोट दक्षिणेला चालली होती. बहिणीने सुकाणू भावाकडे दिले आणि ती चहा आणायला गेली. तेवढ्यात माझ्यावर उजवीकडे एक ठिपका उगवला आणि जवळ येऊ लागला. त्याला टाळायला भाऊ बोट डावीकडे वळवू लागला. माझा जीव टांगणीला लागला. पडद्यावर उत्तर वर होती. माझी उजवी बाजू म्हणजे पूर्व, आणि दक्षिणेला जाणाऱ्या बोटीच्या ती डाव्या हाताला. मला दिसते सगळे, पण तोंड नाही.

बहीण दारात आली. तिने सुकाणू पाहिले, मला पाहिले.

"दादा, थांब. वर उत्तर आहे."

भावाने बोट जागीच रोखली. धुक्यात डावीकडून, अगदी हाताच्या अंतरावरून, कुणीतरी खोकले.

"झोपलात का रे सगळे?" होडीतला मासेमार म्हणाला.

भाऊ बहिणीकडे वळला. "सांगून जायला काय झालं होतं तुला?"

"आणि तुला विचारायला?"

त्या दिवसापासून सुकाणू घेणारा आधी विचारी, "वर काय?" उत्तर ऐकल्याशिवाय हात लावत नसे.

पुढे नवा रडार आला. दोघांनी मला अरुंद जिन्यावरून खाली उतरवले. वरच्या पायरीवर भाऊ, खालच्या पायरीवर बहीण.

"दादा, वर काय?"

"बूड. थांब, सरळ करतो."

मला नीट सुलटे करून मगच तो पुढची पायरी उतरला.

नवा माझ्याहून हुशार आहे म्हणतात. पण मित्रांनो, तोंड त्यालाही नाही. दुसऱ्याच्या हातातले काम घ्याल, तेव्हा तेवढे विचारायचे तुम्हीच लक्षात ठेवा.