सुपातला पाऊस

तेजराम पटले यांचे ठाम मत होते की नीट आखणी केली, तर जगातले कोणतेही काम आवाज न करता पार पाडता येते. तंत्रनिकेतनात त्यांना हेच शिकवले होते, पाटबंधारे खात्याच्या नोकरीत त्यांनी हेच पाळले होते, आणि निवृत्तीनंतर सौंदडच्या घरात ते सिद्ध करून दाखवण्याची संधी ते शोधत होते. आषाढातल्या एका सकाळी ती संधी आठ पायांनी घरात शिरली.

त्यांतले चार पाय घरचेच होते, नात आचल आणि नातू प्रफुल यांचे. उरलेले चार शेजारच्या नूतनचे आणि तिच्या धाकट्या भावाचे, भुपेंद्रचे. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे शाळांना सुट्टी मिळाली होती. पण पावसाने शाळा बंद होते, रोवणी नव्हे. रोवणी तर पावसाचीच वाट पाहत बसलेली असते. गावातले सगळे हात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, लावायला बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांत, उतरले होते. तेजरामांची पत्नी चमेली आणि मुलगा धनेंद्र हेही घरामागच्या बांधीवर निघाले होते.

"आयका," डोक्यावर मेणकापड ओढत चमेली म्हणाली, "पोट्टे चार अन् तुमी एकटे. सून रातपाळी करून येऊन राहिली. तिची झोप मोडली, त माझ्याशी गाठ आहे."

"त्यात काय आहे? मुलांना सांभाळणे हा आखणीचा प्रश्न आहे."

"तुमी आखत बसा. पोट्टे तवरिक घर डोक्यावर घेतात," असे म्हणून ती चिखलात उतरलीसुद्धा.

थोड्याच वेळात सून योगेश्वरी आली. ती गावावरून जाणाऱ्या रेल्वे लाईनवरच्या एका लहान स्टेशनावर सहायक स्टेशन मास्तर होती. रेनकोट खुंटीला अडकवून तिने मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि सासऱ्यांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "मामाजी, आज रात्री पुन्हा ड्युटी हाय. मागच्या हप्त्यात झोप झाली नाही म्हणून येत नाही असं कळवलं, तर दुसऱ्याले डबल ड्युटी करा लागली. आता पुन्हा कोन्या तोंडानं कळवू? अन् अर्धवट झोपेत गाडीले लाईन देत नसतात."

"तू निश्चिंत झोप," तेजराम म्हणाले. "मागच्या वेळी मी बेसावध होतो."

मागच्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली होती आणि मुलांना त्यांनी दिवसभर पुतळ्यांसारखे बसवले होते. तरीही योगेश्वरी डोळे चोळत उठली होती. मुले कुजबुजली असतील, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. मुलांनी तो मान्य केला नव्हता. पण मुलांचे कोण ऐकतो?

तेजरामांची आखणी तयार होती. पहिला खेळ कॅरम, पण आवाज होऊ नये म्हणून बोर्डावर गोधडी अंथरलेली. सोंगटी जागची हलेना.

"आबाजी, हे कॅरम हाय का झोपलेलं गाढव?" प्रफुलने विचारले.

दुसरा खेळ कागदी होड्यांचा. तेजराम घड्या मोजून-मापून घालू लागले आणि होडी का तरंगते हे समजावू लागले. ते तरंगण्याच्या कारणापर्यंत पोहोचेतो चारही होड्या अंगणातून वाहून रस्त्याला लागल्या होत्या. तिसरी, मौनाची स्पर्धा. ही मात्र छान रंगली. मुले गाल फुगवून एकमेकांकडे पाहत राहिली. मग भुपेंद्रला उचकी लागली. पहिली साधी होती. दुसरीने त्याला जागेवरून उडवले. तिसरीला नूतनच्या नाकातून शिट्टीसारखे हसू सुटले, आणि मग चौघेही फुटलेल्या कालव्यासारखे हसू लागले. लाईट केव्हाच गेली होती, म्हणून टीव्ही नाही. मोबाइलची बॅटरी तेजरामांनी राखून ठेवली होती, म्हणून तोही नाही. आखणीचा कागद संपला आणि दिवस तर अजून कोवळाच होता.

नेमका त्याच वेळी पावसाचा जोर वाढला.

समोरची छपरी, म्हणजे पडवी, आणि तिला लागून असलेली सुनेची खोली, दोन्हींवर टिनाचे एकच छप्पर होते. त्यावर सर अशी कोसळली की जणू वर कोणी गिट्टीचा ट्रक रिकामा केला. प्रफुल समोर उभा राहून तोंड उघडून काहीतरी सांगत होता, हातवारे करत होता; पण तेजरामांना एक अक्षर ऐकू येईना. ते दाराशी गेले, फटीतून डोकावले. योगेश्वरी गाढ झोपली होती.

तेजरामांच्या कपाळावरच्या आठ्या एकाएकी सरळ झाल्या. टिनाचा आवाज मुलांच्या आवाजाहून मोठा. म्हणजे टिन वाजेतो मुलांनी वाटेल तेवढे ओरडावे. टिन थांबले की त्यांनी थांबावे. पाऊसच परवानगी देणार, पाऊसच ती काढून घेणार!

"आचल!" ते तिच्या कानाशी ओरडले. "सिग्नल तुझ्याकडे!"

स्टेशन मास्तरच्या मुलीला याहून जास्त सांगावे लागले नाही. तिने आजीचा हिरवा ब्लाउजपीस आणि आजोबांचा लाल दुपट्टा काठ्यांना बांधला आणि ती छपरीच्या टोकाला उभी राहिली. तिथून गावतलावापलीकडची पळसाची झाडे दिसत. झाडे पावसात बुडाली की हिरवा. पुसट दिसू लागली की सर ओसरत आली, म्हणजे लाल. बाकीच्यांची गाडी झाली. नूतन मध्ये, भुपेंद्र गार्डाचा डबा, प्रफुल इंजिन. पण प्रफुलला इंजिन छोटे वाटले.

"आबाजी, तुमी इंजिन व्हा."

"माझे गुडघे जुने आहेत."

"जुनं इंजिन बी चालते ना जी!"

हिरवा झेंडा हलला आणि पाटबंधारे खात्याचा निवृत्त शाखा अभियंता डोक्यावर टोपली घेऊन छपरीभर धावू लागला. गाडी शिट्टी मारत स्वयंपाकघरातून गेली, धानाच्या पोत्यांना वळसा घालून परत आली. लाल झेंडा दिसला की सगळे होते तसे थिजत. एकाचा पाय हवेत, दुसऱ्याचे तोंड उघडे. टिन पुन्हा वाजले की पुन्हा आरडाओरड. थांबण्याच्या त्या क्षणांत आतून एकदा, मग आणखी एकदा, खाट करकरल्याचा आवाज आला. दोन्ही वेळा तेजरामांनी भुपेंद्रकडे डोळे वटारून पाहिले. भुपेंद्रने छातीवर हात ठेवून निरपराध असल्याचे दाखवले.

पुढच्या सरीला नूतनने नवी युक्ती काढली. आत्ता कोणालाच काही ऐकू येत नाही, तर एरवी जे बोलता येत नाही ते ओरडून घ्यावे!

"मले दोडक्याची भाजी नको!" प्रफुल गरजला.

"भुप्या अंथरुणात मुतते!" नूतन ओरडली. आपल्याविषयी काय चालले आहे हे न कळल्यामुळे भुपेंद्रनेही दुप्पट जोराने "हो!" म्हणून तिला पाठिंबा दिला.

सगळ्यांनी तेजरामांकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी बजावल्यापासून चमेलीने त्यांच्या चहात गोडाचा कणही पडू दिला नव्हता. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"मला चहात साखर पाहिजे! दोन चमचे! मला साखर पाहिजे! साखर!"

आचलचा लाल झेंडा केव्हाचा फडफडत होता. पण इंजिनाचे डोळे मिटलेले होते. शेवटची 'साखर' स्वच्छ, कोरड्या हवेत सुटली आणि तलावाच्या पाण्यावरून दूरवर घुमत गेली.

आतली खाट पुन्हा करकरली. मग शांतता.

थिजलेल्या गाडीसमोर अंगणात चुन्नीलाल उभा होता. हा शेजारी भजनी मंडळात गात असे, आणि तो कुजबुजला तरी बैल बिथरतात, अशी त्याची ख्याती होती. पंपासाठी पाना मागायला तो आला होता. डोक्यावर टोपली, एक पाय हवेत आणि तोंडाचा चंबू केलेल्या तेजरामांकडे त्याने नखशिखान्त पाहिले.

"साहेब," तो म्हणाला, आणि वळचणीची कबुतरे उडाली, "तब्येत बरी नाही का जी?"

चार बोटे चार ओठांवर गेली. प्रफुलने धावत जाऊन चुन्नीलालच्या तोंडावर हात ठेवला आणि कानात सगळा प्रकार सांगितला. चुन्नीलालने गंभीरपणे मान डोलावली, चपला काढल्या आणि तो भुपेंद्रच्या मागे उभा राहिला. पुढच्या सरीला गाडीला मालगाडीचा भोंगा मिळाला.

त्यानंतर मात्र पाऊस थांबला तो थांबलाच. ढग फाटले, अंगणातल्या डबक्यात ऊन उतरले, आणि तलावापलीकडचा पळस पान-पान दिसू लागला. आचलने लाल झेंडा छपरीच्या खांबालाच बांधून टाकला. सगळे ओळीने भिंतीला टेकून बसले. कोणी हसले नाही, कोणाला उचकी लागली नाही. चुन्नीलालसुद्धा नाकाने श्वास घेत होता. तेजरामांनी मुलांकडे अभिमानाने पाहिले. अशी शांतता त्यांनी धरणाच्या विश्रामगृहातही अनुभवली नव्हती.

आणि दार उघडून योगेश्वरी बाहेर आली.

"पाऊस थांबला का?" तिने जांभई दाबत विचारले. मग ओळीकडे पाहून ती दचकली. "काय झालं? सारे असे चूप काऊन बसले?"

"आमच्या आवाजाने उठलीस का?" तेजरामांनी विचारले.

"आवाज कोठी होता मामाजी? टिनावर पाऊस वाजत असला, का मी मेल्यासारखी झोपते. माहेरी बी टिनच होतं ना. तो थांबला का डोळा उघडते. अन् वरून पोट्ट्यांचा आवाज नाही. मले वाटलं, सारे तलावावर पळाले!"

तेजरामांना खाटेची करकर आठवली. प्रत्येक वेळी ती शांततेतच झाली होती. गोंधळात एकदाही नाही.

"म्हणजे," आचल हळूहळू उभी राहिली, "मागच्या हप्त्यात आमची चुकी नव्हतीच! त्या दिवशी पाऊसच नव्हता!"

"नव्हतीच," तेजराम म्हणाले. असे स्पष्टपणे म्हणण्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटले. "नव्हतीच तुमची चूक. माझी चूक होती."

"मले त उचकी लागली होती," भुपेंद्रने आपला हिशेब वेगळा मांडला.

योगेश्वरी हसली, पण तिचे डोळे लाल होते. तिने बाहेरच्या उन्हाकडे पाहिले आणि मोबाइल हातात घेतला. "अर्धीच झोप झाली. आता काही डोळा लागत नाही. कळवून देते बाप्पा, रात्रीची दुसऱ्याची सोय तरी होईल."

"एक क्षण थांब." तेजरामांनी कागद आणि पेन्सिल घेतली. पंपाला नळी जोडून छपरावर पाणी सोडता येईल. पण लाईट नव्हती. टाकी, तिरपा पाइप, त्याला छिद्रे. त्यांनी एक रेघ ओढली, मग दुसरी.

स्वयंपाकघरातून आवाज आला.

सर्र. सर्र. सर्र.

नूतन दारात उभी होती. तिच्या हातात सूप होते, सुपात ओंजळभर धान होते, आणि आईला पाखडताना पाहिले होते तसे ती ते हळूहळू हलवत होती. सुपातून पाऊस पडत होता. अगदी तलावापलीकडून येणारा, अजून लांब असलेला.

योगेश्वरीचा मोबाइलवरचा अंगठा थांबला. "पुन्हा कर व, नूतन."

सर्र. सर्र.

तेजरामांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि कागदाची होडी करून भुपेंद्रच्या हातात दिली. मग मात्र त्यांच्यातला अभियंता जागा झाला. घरातली सारी सुपे आणि परड्या बाहेर आल्या. छप्पर घालताना उरलेल्या टिनाचा तुकडा त्यांनी भिंतीला तिरपा टेकवला आणि त्याच्याखाली गोधडी पसरली. चुन्नीलाल वरून धानाची बारीक धार सोडू लागला, ती मोठी सर. मुलांची सुपे, ती रिमझिम. एक थकला की दुसऱ्याने घ्यायचे, पण पाऊस तुटू द्यायचा नाही. आचलने खांबावरचा लाल झेंडा सोडून हिरवा लावला.

योगेश्वरीने मोबाइलवर गजर लावला आणि दार लोटून घेतले. थोडा वेळ सगळे कान देऊन राहिले. खाट करकरली नाही. मग आतून बारीकसे घोरणे ऐकू आले, आणि चुन्नीलालला इतका आनंद झाला की ढगफुटी होता होता राहिली.

चमेली गुडघाभर चिखल घेऊन परतली तेव्हा अंगणात लख्ख ऊन होते. छपरीत मात्र तिचा नवरा, चार पोरे आणि गावातला सर्वांत मोठ्या गळ्याचा माणूस चूपचाप सुपे हलवत बसले होते. तिने आधी आकाशाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"हे काय करून राहिले जी?"

"पाऊस पाडून राहिलो," प्रफुलने कुजबुजत सांगितले आणि सुनेच्या दाराकडे बोट दाखवले. "आई झोपली हाय."

चमेलीने दाराला कान लावला. घोरणे ऐकले. तिने पाय धुतले, पेंगुळलेल्या भुपेंद्रच्या हातातले सूप काढून घेतले आणि ती नवऱ्याशेजारी बसली. तिचा हात सरावाचा होता; पाऊस एकदम एकसारखा पडू लागला.

"जमलं तुमाले," ती थोड्या वेळाने म्हणाली. तेजरामांची मान किंचित ताठ झाली. तशीच सूप हलवत ती त्यांच्या कानाशी वाकली.

"अन् मघा ते साखर-साखर कोन बोंबलत होतं जी? बांधीपर्यंत आयकू आलं."

 तेजराम पटले यांनी फक्त पावसाचा जोर वाढवला.