कुंडीतला चहा

टपाल कचेरीसमोरच्या चहा-कॉफीच्या दुकानाबाहेर एक कुंडी होती आणि त्या कुंडीला मुंग्या लागल्या होत्या. मुंग्या साखरेला लागतात, मातीला कशाला लागतील? तर रोज सकाळी सात-आठ सभ्य माणसं इकडेतिकडे बघून आपला उरलेला चहा त्या कुंडीत ओतत होती. नागरिकहो, ही गोष्ट त्या सभ्य माणसांची आहे. म्हणजे तुमची-माझीच. वाचून राग आला तर येऊ द्या.

दुकान एवढंसं. चार टेबलं, दोन शेगड्या, बाहेर एक बाक. दुकानदाराला सगळे वाफकाका म्हणत, कारण पातेल्यावर वाकून वाकून त्यांचा चष्मा कायम पांढरा झालेला असायचा. दूध नासायला टेकलंय की नाही, हे हा माणूस दारातूनच सांगायचा. कॉफीच्या डब्याचं झाकण उघडलं की नुसत्या नाकानं माल जोखायचा. आणि त्यांची एक पद्धत होती. कप स्वतः टेबलावर आणून ठेवायचा, खांद्यावर फडकं टाकून तिथंच उभं राहायचं आणि विचारायचं, "कसा झालाय?" उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही. सव्वीस वर्षं हेच.

दोन महिन्यांपूर्वी काका तापानं आठवडाभर पडले. उठून कामाला लागले, पण चहा काही उठला नाही. कधी दूध करपलेलं, कधी आंबूस. कॉफी उकळून उकळून काढ्यासारखी कडू. आणि गिऱ्हाइकं काय म्हणत? "झकास!" मुलांच्या वहीतली एक वेलांटी न सोडणारे हेडमास्तर करपलेल्या चहाला "अप्रतिम" म्हणत. शेजारचा शिंपी तर डोळे मिटून मान डोलवायचा. काका समाधानानं वळले, की अप्रतिम चहा कुंडीत!

हळूहळू माणसं यायची कमी झाली. चारातली दोन टेबलं रिकामी राहू लागली. का, ते काकांना कळेना. "महिनाअखेर शटर ओढतो कायमचं," ते एकदा म्हणाले. "माझंच काही चुकत असेल, पण काय ते सापडत नाही." ऐकणारे हळहळले. सांगितलं कुणीच नाही.

त्या ऐकणाऱ्यांत टपालबाई होत्या. समोरच्या टपाल कचेरीत रजिस्टरच्या खिडकीवर बसणाऱ्या, म्हणून टपालबाई. त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून त्या मोबाइलवर काहीतरी टाइप करत होत्या. सासूबाई शेंगा निवडत होत्या. तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढलेली बाई, नजर अजून वॉर्डातलीच.

"काय लिहितेयस एवढं दातओठ खाऊन?"

"वाफकाकांच्या दुकानाबद्दल. एक स्टार दिलाय. दोन महिने करपलेलं दूध पाजतायत, आई."

"त्याला सांगितलंस?"

"त्यांना कसं सांगणार? बापाच्या जागी माणूस. वाईट वाटेल."

"आणि हे वाचून गुदगुल्या होतील?"

"मी नाव कुठं टाकलंय? खाली 'एक ग्राहक' लिहिलंय."

"वा! उद्या चोरानंही दारावर 'एक पाहुणा' लिहून घरात शिरावं."

टपालबाई ओशाळल्या. सासूबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्याच्या जखमेला वास यायला लागला होता. त्याला लाज वाटेल म्हणून मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी पाय कापला. माझ्या भिडेपायी पाय त्याचा गेला! भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काय उगाच? आणि अक्कल चालव जरा. दारातून दूध ओळखणारा माणूस करपलेलं दूध देईल का? तो आळसावलेला नाही. त्याचं नाक गेलंय. तापानंतर जातं कधीकधी. त्याला पत्ता नाही, कारण तुम्ही सगळे रोज झकास, झकास करताय. उद्या तोंडावर सांग."

"सांगते," टपालबाई म्हणाल्या. पण बोट केव्हाच दाबून झालं होतं. एक स्टार जगापुढं गेला होता.

सकाळी त्या दुकानाशी आल्या तेव्हा शटर अर्धंच वर होतं. बाकावर हेडमास्तर आणि शिंपी बसलेले.

"वास येतोय नाही जरा?" शिंपी म्हणाला.

"येतोय खरा. असेल काही." हेडमास्तरांनी पेपर उलगडला. दोघं बाकाच्या पलीकडच्या टोकाला सरकले. बस्स, एवढंच केलं त्यांनी!

टपालबाईंच्या नाकात तो वास घुसला. गॅस! वाकून बघितलं तर आत काका पाठमोरे उभे, कप मांडलेले, हातात लायटर, आणि हात शेगडीकडं निघालेला.

"काका! थांबा! लायटर खाली ठेवा!"

त्या शटरखालून आत घुसल्या, रेग्युलेटर बंद केला, काकांना मनगटाला धरून बाहेर ओढलं. शेगडीपाशी गॅसची नळी चिरली होती. रात्रभर बंद दुकानात गॅस कोंडला होता.

"गॅस? मला तर काहीच..." काकांनी आपलाच तळहात हुंगला. मग खांद्यावरचं फडकं. "कशाचाच वास येत नाही की मला. जेवण बेचव लागायचं, म्हटलं वय झालं. पण चहा? चहा तर चांगला होतोय ना?"

त्यांनी हेडमास्तरांकडं बघितलं. हेडमास्तरांनी कुंडीकडं. मुंग्यांची रांग चालूच होती.

"नाही होत, काका," टपालबाई म्हणाल्या. "दोन महिने नाही होत. आणि काल एक स्टार दिला ती मी."

काकांनीही कुंडीकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "ते वाचून दाखवलं मुलीनं. मी म्हटलं, कुणी परगावचा असेल. आपल्या माणसांना आवडतो." चष्मा काढून त्यांनी फडक्यानं पुसला. "मी रोज विचारत होतो ना गं, पोरी? टेबलाशी उभा राहून विचारत होतो."

अरे, याला काय उत्तर आहे? सांगा!

नळी बदलली. सासूबाई स्वतः काकांना डॉक्टरकडं घेऊन गेल्या. नाक परत येईल, कदाचित नाही येणार, डॉक्टरांनी शब्द दिला नाही. पण दुकान बंद झालं नाही. आता पहिलं पातेलं उतरलं की बाकावरचं एक माणूस आत जातं, दूध हुंगतं, कॉफी चाखतं, आणि खरं बोलतं. हेडमास्तर दहापैकी गुण देतात. एकदा त्यांनी चार दिले. काकांनी ते पातेलं मोरीत ओतलं आणि नवं चढवलं.

टपालबाईंनी जुनं मत पुसलं आणि नवं टाकलं. या वेळी खाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि स्टार दिले चार.

"पाचवा कुठं गेला?" काकांनी विचारलं.

"कॉफी अजून पातळ होते तुमची."

काका असे हसले, की "झकास" ऐकून सव्वीस वर्षांत तसे कधी हसले नसतील.

नागरिकहो, आपण ज्याला सभ्यपणा म्हणतो तो पुष्कळदा नुसता भित्रेपणा असतो. तोंडावर गोड आणि पाठीमागं निनावी दगड! ज्याच्यावर जीव आहे त्याला खरं सांगा, समोर बसून सांगा, आणि सांगून उठून जाऊ नका, पुढचा कप होईपर्यंत थांबा. तो माणूस खांद्यावर फडकं टाकून तुमच्यापुढं उभा आहे. विचारतोय.