देण्याघेण्यातल्या साड्या

माणसं खरं तोंडावर बोलत नाहीत, त्यांचं वागणं बघावं लागतं, असं समाजशास्त्र सांगतं. बारामतीच्या एका कॉलेजात मी हेच अकरा वर्षं शिकवते आहे. शिकवता शिकवता माझा स्वतःवर जरा जास्तच विश्वास बसला होता, त्याची ही गोष्ट.

माझ्या पीएच.डी.चा विषय भेटवस्तू. भेट देणं, ती घेणं आणि तिची परतफेड करणं या तीन गाठींनी समाज बांधलेला असतो, असा तो सिद्धांत. पुस्तकात उदाहरणं असतात ती दूरदेशीच्या बेटांवरची. मला बेटावर जायची गरज नव्हती. माझं सासर कोऱ्हाळे बुद्रुकला आहे आणि तिथे घरटी एक ट्रंक असते, देण्याघेण्यातल्या साड्यांची.

देण्याघेण्यातली साडी नेसायची नसते. ती एका लग्नात आहेर म्हणून येते, ट्रंकेत विसावते आणि पुढच्या लग्नात आहेर म्हणून निघून जाते. घडी मोडत नाही तोवर तिला मरण नाही. जिने दिली तिलाच परत जाऊ नये, एवढंच बघायचं. अशी साडी किती घरं फिरते हे कुणी शोधलं नव्हतं, ते मी शोधायचं ठरवलं.

तेवढ्यात आमच्या नव्या घराची वास्तुशांत आली. भावकीतल्या आणि शेजारच्या पंचवीस जणींना साड्या द्यायच्या होत्या. माझ्या सासूबाई द्वारकाबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्यांनी खरेदी विश्वासाने माझ्यावर सोपवली. मी पंचवीस साड्या आणल्या, सगळ्या एकसारख्या, पोपटी रंग आणि जांभळे काठ. एकसारख्या अशासाठी की संशोधनात बाकी सगळं समान ठेवावं लागतं. आणि पोपटी अशासाठी की एखादीला आवडून तिने घडी मोडली असती तर माझा अभ्यास तिथेच संपला असता. प्रत्येक साडीच्या आतल्या टोकाला मी लाल दोऱ्याने बारीक आकडा घातला आणि खोकी बंद केली. आत्यांना सांगितलं, एकेकीचा रंग बघून निवडल्यात.

आत्यांनीही खोकं हातात देताना प्रत्येकीला तेच सांगितलं, "तुझा रंग बघून घेतलीय गं."

पुढचे तीन महिने मी एकही लग्न चुकवलं नाही. आहेर घेणाऱ्या बाईशेजारी मदतीला म्हणून बसायचं आणि साड्यांची टोकं चाचपायची. सात नंबर मोरगावला गेली, तिथून सुप्याला. चार नंबर दोन लग्नं आणि एक डोहाळजेवण उरकून पुन्हा कोऱ्हाळ्यात आली. मी घरी येऊन तक्त्यावर बाण काढायचे. माझा नवरा रणजित म्हणाला, "एवढ्या बारकाईनं कधी माझ्या शर्टाचं बटण बघितलं नाहीस." मी पुढचा बाण काढला.

मग माझे गाईड श्रीपाद सरांचा फोन आला. "संमतीपत्रं कुठे आहेत? ज्यांचं निरीक्षण करता त्यांची सही हवी. विद्यापीठाची समिती प्रबंध परत पाठवेल."

हे मला आधी सुचायला हवं होतं, पण मी हुशार होते ना. एक मजकूर तयार केला: 'माझ्या साडीच्या प्रवासाचे निरीक्षण करण्यास माझी हरकत नाही.' तो घेऊन शेजारच्या छबूकाकूंकडे गेले आणि सगळं समजावून सांगितलं. काकूंनी कागद दोनदा वाचला.

"ठेव हितं," त्या म्हणाल्या. "मालकास्नी इचारून सही करते."

चाळीस वर्षांत काकूंनी मालकांना काही विचारल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आत्या पिठाच्या गिरणीतून आल्या त्या दळणाचा डबा उंबऱ्यातच ठेवून उभ्या राहिल्या.

"काय व्हतं त्या खोक्यात? समद्या येकच?"

मी हो म्हणाले.

"पंचवीस जणींना मी माझ्या तोंडानं सांगितलं, तुझा रंग बघून घेतलीय. आता कुठल्या तोंडानं त्यांच्यात जाऊ?"

नंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी इंदापूरला भावकीतल्या राजनंदिनीचं लग्न होतं. आत्या म्हणाल्या, येणार नाही, आणि ते रणजितला म्हणाल्या, मला नाही. भावकीचं लग्न टाळायचं म्हणजे पुढची दहा वर्षं त्याचीच चर्चा. मला झोप लागेना. पीएच.डी.चं भय होतंच, पण या बाईला मी पंचवीस जणींसमोर खोटं पाडलं, याची लाज त्याहून मोठी होती. शेवटी रणजितने कशीबशी समजूत घातली आणि आत्या गाडीत बसल्या. इंदापूर येईपर्यंत त्या उसाच्या फडांकडे बघत होत्या.

आम्ही कार्यालयात शिरलो आणि थबकलो. बायकांच्या बाजूला सगळं पोपटी होतं. पंचवीसच्या पंचवीस जणी त्याच साड्या नेसून बसल्या होत्या. नवरीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. फोटोवाला येऊन विचारून गेला, ही भजनी मंडळाची साडी आहे का म्हणून.

मी मनात लगेच सिद्धांत लावला. आपल्यावर नजर आहे असं कळलं की माणूस वागणं बदलतो, आम्ही साड्या फिरवत नाही हे मला दाखवायला या नेसल्या. मी हळूच छबूकाकूंना विचारलं, फिरून गेलेल्या साड्या परत कशा मिळाल्या?

"आगं, माझी सुप्याला व्हती. सून यष्टीनं जाऊन घिऊन आली, बदल्यात चांगली पैठणी द्यावी लागली. शेवंताची जिच्याकडं गेली, तिनं तर फॉल लावायला टाकली व्हती, तिथनं उचलली."

"माझ्यासाठी कशाला एवढं केलंत?"

काकूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तुझ्यासाठी कोण करतंय? साडी भिकार हाय, पैल्या दिशीच समद्यांना म्हाईत व्हतं येकच हाय म्हणून. पण माझी लेक बाळंतपणात अडली तवा द्वारकाबाई म्हैनाभर दवाखान्यात डबा घिऊन आली. ती म्हणली ना रंग बघून घेतली? मग रंग बघूनच घेतली."

तोवर आत्यांना बायकांनी मधोमध बसवलं होतं. एकीने पदर पुढे करून विचारलं, "खुलतोय न्हवं मला?" आत्या आधी हसल्या आणि मग डोळे पुसायला लागल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

श्रीपाद सरांना मी खरं ते सगळं कळवलं. ते म्हणाले, निरीक्षण बाद, विषय नव्याने मांडा, दोन वर्षं धरून चाला.

"तुझ्या परीक्षेचं काय झालं?" आत्यांनी विचारलं. पंधरा दिवसांतलं त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य.

"गेली, आत्या."

"मग उद्या मोकळीच हायस. चल बारामतीला."

दुकानात आम्ही सकाळी बसलो ते दिवेलागणीपर्यंत. आत्या एकेकीचं नाव घेऊन साडी निवडत होत्या. छबूला गडद नको, ती शेतात काळवंडलीय म्हणून कुढते. शेवंताला मऊ पोत पाहिजे, तिच्या कमरेला पट्टा असतो. अकरा वर्षं शिकवूनही यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मी नुसती घड्या घालत होते.

पंचवीस झाल्यावर त्यांनी आणखी एक माझ्यापुढे टाकली, राणी रंगाची, अंगभर मोठी फुलं.

"ही तुला. आवडली न्हाय तर तोंडावर सांग. ट्रंकेत टाकू नगंस."

दुकानदार माझ्याकडे बघत होता. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण आत्यांनी दिलेली वस्तू मला आवडली नाही असं मी कधी म्हणाले नव्हते.

"नाही आवडली, आत्या," मी म्हणाले.

आत्यांनी ती उचलून बाजूला ठेवली आणि माझ्याकडे सरकून बसल्या. "दुसऱ्या दाखवा हो," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "आमाला येळ हाय."