हातमोज्याच्या चामड्याची मूठ

मित्रांनो, मी एक जुना ब्लोअर आहे. झाडाखालची पानं फुंकून गोळा करणारा, पेट्रोलवर चालणारा आणि आवाजानं अख्खी गल्ली उठवणारा. सध्या माझी मूठ तुटलेली आहे. ती कशी तुटली, कुणी सांधली आणि पुन्हा कुणी सोडवली, एवढीच माझी कहाणी.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात, अर्लोच्या गॅरेजात. अर्लो घरोघरी जाऊन पियानो सुरात लावून देणारा माणूस, कानाचा फार हळवा. त्यानं माझ्यासारखं भसाड्या गळ्याचं यंत्र का आणलं, असं त्याची बायको नोरीन नेहमी विचारायची. कारण होतं कुंपणावरचं मेपलचं झाड. ते दोन घरांच्या मधोमध उभं होतं आणि पानं दोन्हीकडे सांडायचं. म्हणून मीही दोन घरांचा झालो. शनिवारी अर्लोकडे, रविवारी शेजारच्या ब्रँटकडे.

ब्रँट केंद्राच्या सुरक्षा दलात नोकरीला होता. माणूस गप्पिष्ट, आणि माझ्यावर त्याचा भारी जीव. एकदा ओल्या पानांवरून तो पायरीवर घसरला. त्याचा उजवा गुडघा दुखावला आणि माझी मूठ फुटली. अर्लो म्हणाला, जाऊ दे, दुसरा आणू. ब्रँट ऐकेना. त्यानं आपला लहानपणचा बेसबॉलचा हातमोजा कापला, त्याचं तांबूस चामडं माझ्या मुठीवर गुंडाळलं आणि वादीनं फुल्याफुल्यांचे टाके घालून शिवलं.

"ही मूठ आता तुझ्या पियानोंपेक्षा जास्त टिकेल," तो म्हणाला.

"टिकू दे. पण रविवारी पहाटे पहाटे वाजवलास तर तुझा दुसरा गुडघा मी फोडीन," अर्लो म्हणाला.

नवीन होतो तेव्हाही मी इतका मिरवलो नसेन. सगळ्या शहरात तशी मूठ फक्त माझी होती.

मग तो उन्हाळा आला. पोलिसांच्या अन्यायाविरुद्ध शहरात रोज मोर्चे निघू लागले. घोषणा झाल्या, काही काचाही फुटल्या. राजधानीतून हुकूम सुटला आणि केंद्राचे जवान शहरात उतरले. महापौरांनी नको म्हटलं, गव्हर्नरनी नको म्हटलं, पण विचारतो कोण? जवानांच्या छातीवर नाव नव्हतं आणि गाड्यांवर पाटी नव्हती. त्यांनी कोर्टाभोवती लोखंडी कुंपण घातलं आणि माणसांवर अश्रुधूर सोडायला सुरुवात केली.

ब्रँट कुंपणाला टेकून अर्लोला म्हणाला होता, "आपल्या गावाचं भांडण आपलं गाव मिटवील. बाहेरच्यांनी कशाला नाक खुपसायचं?" मी तेव्हा त्याच्याच हातात होतो. पुढच्या आठवड्यात त्यालाही ड्यूटी लागली आणि त्याचे रविवार बंद झाले.

मोर्चातल्या पोरांना आडोसा म्हणून शहरातल्या आया पुढे झाल्या; नोरीनही त्यांच्याबरोबर कोर्टासमोर हातात हात गुंफून उभी राहायला जाऊ लागली. एकदा ती डोळे सुजवून घरी आली. अर्लो उभ्या जन्मात कुठल्या मोर्चाला गेला नव्हता. त्यानं मला खिळ्यावरून उतरवलं.

"अरे, आत्ता पानं कुठे आहेत?" नोरीननं विचारलं.

"धूर आहे ना," तो म्हणाला.

कोर्टासमोर माझ्यासारखे पुष्कळ ब्लोअर जमले होते. आयांच्या पाठोपाठ आलेल्या सगळ्या बापांनी नारिंगी सदरे घातलेले, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मे, डोक्यावर हेल्मेट. बायकोलाही नवरा ओळखू येऊ नये असा थाट. कुंपणापलीकडून धूर आला की आम्ही सगळे एकदम फुंकायचो आणि धूर आल्या वाटेनं परत जायचा. माझ्या आवाजाला नावं ठेवणारी माणसं तिथे टाळ्या वाजवत होती. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात कुंपणाआडचा एक जवान थबकला. त्याचाही चेहरा झाकलेला होता, पण तो उजव्या पायावर भार न देता उभा होता. मी त्याला तिथेच ओळखलं. तो माझ्या मुठीकडे बघत होता. मला वाटलं, आपला माणूस तिकडे आहे, आता अर्लोला काही होणार नाही. केवढा खुळा मी!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलो. बिनपाटीची एक गाडी आली आणि चार जवान उतरले. ते कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हते. एकेका ब्लोअरची मूठ बघत ते रांगेतून पुढे आले आणि माझ्यापाशी थांबले.

"चामड्याची मूठ, फुलीचे टाके. हाच," त्यांतला एक म्हणाला.

अर्लोनं एकदा माझ्या मुठीकडे पाहिलं. त्यांनी त्याचे हात मागे ओढून प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळले आणि त्याला गाडीत कोंबलं. मी रस्त्यावर पडलो होतो. नोरीन गाडीमागे धावली, मग परत येऊन तिनं मला उचललं.

तीन दिवस तो कुठे आहे हे तिला कुणी सांगितलं नाही. मग आरोप न ठेवताच त्याला सोडून दिलं. पण मनगटं इतकी आवळली होती की डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. पियानोच्या तारा पिळणाऱ्या माणसाची बोटं ती. डॉक्टर म्हणतात, संवेदना येईल हळूहळू. अजून आलेली नाही.

शरद ऋतू आला, मेपल झडू लागलं. एका रविवारी ब्रँट कुंपणापाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ तो पानांबद्दलच बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "वरिष्ठांनी विचारलं, ब्लोअरवाल्यांत कुणी ओळखीचं आहे का, आणि मी खूण सांगितली. दम देऊन सोडतील असं वाटलं मला. आणि अर्लो, तुझं नाव नाही सांगितलं मी."

"नाव सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," अर्लो म्हणाला. "नाव मला आईबापांनी दिलं होतं. ही खूण तू दिली होतीस."

तो गॅरेजात आला. चाकूनं माझ्या मुठीचे टाके त्यानं एकेक करून कापले. डाव्या हातात नीट धरता येत नव्हतं, म्हणून वेळ लागला. ते चामडं त्यानं कुंपणावरून ब्रँटच्या हातात दिलं आणि मला परत खिळ्याला टांगलं. आता ती दोघं नवराबायको दाताळ्यानं पानं ओढतात, फक्त आपल्या बाजूची. पलीकडची तशीच कुजतात.

मित्रांनो, पेट्रोल संपलं तर भरता येतं आणि मोडलेली मूठ कुणीतरी सांधूनही देतं. तुम्हीही कुणाचं मोडलेलं सांधून द्याल, जरूर द्या. फक्त ज्या हातानं टाके घातले, त्याच हाताचं बोट पुढे त्या टाक्यांकडे दाखवू नका.