शिसं सुटायला हवं

"म्हातारी गेली, मास्तर," एवढंच म्हणून तळ्याच्या राखणदाराने ओल्या रुमालाची पुरचुंडी काउंटरवर ठेवली.

मी आमिषाच्या डब्यांवरची धूळ पुसत होते. फडकं हातातच राहिलं. म्हातारी म्हणजे आमच्या तळ्यातली सगळ्यात जुनी कार्प, शेपटीला खाच असलेली. मी शाळेत होते तेव्हाही ती होती. तळ्याचा नियमच आहे की मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. त्यामुळे डॉक्टर, पोस्टमन, हेडमास्तर, सगळ्यांचे म्हातारीला मांडीवर घेतलेले फोटो आहेत. बायकोबरोबरच्या फोटोत कुणी एवढं हसलेलं मी पाहिलेलं नाही.

"कशी गेली?" मी विचारलं.

"पाण्यात ते पडलेलं झाड आहे ना, त्याच्या मुळात अडकली होती. कुणाची तरी मुख्य दोरी तुटली असणार. पण शिसं काही सुटलं नाही. शिसं मुळात रुतलं आणि ही शिशाला बांधलेली. ओठ पार फाटलाय. खूप झगडली असेल बिचारी."

"शिसं सुटलं नाही म्हणजे?" बाबा खिडकीजवळच्या खुर्चीवरून उठत म्हणाले.

"म्हणजे सुटलं नाही. बघा की. जोडणी तुमची आहे, म्हणून आधी इकडे आलो."

बाबांच्या तोंडावरचा रंगच उडाला.

त्यांना गाव गाठमास्तर म्हणतं. गळ, दोरी आणि ती तळाशी नेणारं शिशाचं वजन यांची जी बांधणी करून मासा धरायचा, ती जोडणी बांधण्यात त्यांचा जन्म गेला. आयती पाकिटं कुठेही मिळतात, पण लोक यायचे ते बाबांकडेच, आणि येताना वेळ काढून यायचे. कारण गिऱ्हाइकाने "एक चांगलीशी द्या" म्हटलं की बाबांची उलटतपासणी सुरू. कुठे बसणार? तळाला गाळ आहे की खडी? गाळ असेल तर गळाची दोरी लांब आणि शिसं हलकं, नाहीतर आमिष चिखलात बुडतं. खडीवर आखूड दोरी चालते. मग ते गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचे. घसरलं तर गळ कचऱ्यात, रुतलं तर पुढची बात. आमिष गळात खुपसायचं नाही, गळाशेजारी केसासारख्या बारीक दोऱ्याला लटकवायचं, कारण कार्प आधी चोखून बघते आणि संशय आला की थुंकते. थुंकताना मोकळा गळ ओठात बसतो. हे सगळं ऐकेपर्यंत गिऱ्हाइकाचा निम्मा दिवस गेलेला असायचा.

शेवटचा धडा शिशाचा. शिसं एका प्लॅस्टिकच्या चिमट्याला लटकवायचं आणि चिमट्यावर रबराची टोपी सरकवायची. पण हलकेच. दोर तुटून मासा पळाला आणि शिसं कुठे अडकलं, तर एका हिसक्यात टोपी निघाली पाहिजे आणि शिसं गळून पडलं पाहिजे. उरलेला गळ मासा कधीतरी झटकून टाकतो. "माझ्या गळाने मासा दुखावेल, मरणार नाही," हे बाबांचं ठरलेलं वाक्य होतं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. बाबा तर गळ विकून माशाचीच वकिली करायचे.

आणि आता पुरचुंडीतली टोपी चिमट्यावर अशी बसली होती की राखणदाराने ओढून दाखवली तरी हलली नाही.

बाबांनी गळ उचलून खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिले. मीही वाकून पाहिलं. बाबा डावखुरे आहेत. गळाच्या दांड्यावर ते दोरीचे वेढे घेतात ते सगळ्या जगाच्या उलट बाजूने. या गळावरचे वेढे सुलट होते.

म्हणजे ही जोडणी बाबांची नव्हतीच. माझा जीव भांड्यात पडला. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "दुकानातलीच आहे. चूक माझी."

राखणदाराने पुरचुंडी तिथेच ठेवली, दारात क्षणभर थांबला आणि निघून गेला.

"बाबा, अहो ही तुमची नाही. वेढे बघा."

"चिमटा आपला, टोपी आपली. खण उघड."

मी बाबांनी बांधून ठेवलेल्या जोडण्यांच्या पाकिटांचा खण काउंटरवर रिकामा केला. त्यांनी एक पाकीट फोडलं. सुलट वेढे, घट्ट टोपी. दुसरं फोडलं, तेही तसंच. पुढची मी फोडत गेले. आपल्याच घरात शिरून आपलं सामान कुणी बदलून जावं, तसे बाबा त्या ढिगाकडे बघत होते. रोज सकाळी खिडकीशी बसून त्यांनी बांधलेल्यातली एकही त्यात नव्हती.

"माझ्या कुठे गेल्या?" त्यांनी मला विचारलं. मला काय ठाऊक. दुपारी दुकान बंद करून मी माझ्या घरी जेवायला जाते, बाबा वामकुक्षी घेतात. मग त्या वेळात जागं कोण असतं, हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.

दुकानाच्या मागेच स्वयंपाकघर आहे. आई शिवणाच्या मशीनवर कुणाची तरी पँट आखूड करत होती. बाबांनी गळ तिच्यासमोर ठेवला.

"हे तू बांधलंस?"

तिने पायडल थांबवलं. नाही म्हणाली नाही.

"कधीपासून?"

"थंडीपासून. एक गिऱ्हाईक आलं होतं, तुम्ही बाहेर होता. मासा लागला आणि गाठच सरकली, म्हणाला. हसत होता मेला. मला ते हसणं आवडलं नाही. त्याला दुसरी दिली आणि बाकीच्या ओढून बघितल्या. बऱ्याचशा सरकत होत्या. मग तेव्हापासून रोज दुपारी सगळ्याच उसवते आणि पुन्हा बांधते."

"तुला कुठे येतं बांधायला?"

"उसवलं की शिवण कळते."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? तुमचे हात गेले म्हणून?"

बाबा उभ्याउभ्या दगड झाले. मला हल्लीचं एकेक आठवायला लागलं. ते चहा अर्धाच कप घ्यायचे, कमी केलाय म्हणायचे. दोरा ओवायला मला द्यायचे, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणायचे. माझ्या डोळ्यांसमोर होतं सगळं, आणि मी नंबरावर विश्वास ठेवून मोकळी झाले होते.

"आणि टोप्या?" बाबांनी अगदी हळू विचारलं.

"त्या तर सगळ्याच ढिल्या होत्या. म्हटलं, बोटांत जोर राहिला नाही. ओल्या करून दाबून बसवल्या, आता हलायच्या नाहीत." आईने आमच्या तोंडांकडे पाहिलं. "का? काय झालं?"

"म्हातारी मेली," मी म्हणाले. मग शिशाचं, मुळाचं, ओठाचं सांगितलं.

आईने आयुष्यात कधी गळ टाकलेला नाही. पण म्हातारीला ती ओळखत होती. संध्याकाळी शिळ्या पावाचे तुकडे घेऊन काठावर जायची. तिने मशीनवरची पँट उचलली, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"त्या ढिल्याच ठेवायच्या असतात गं," बाबा म्हणाले.

"मला कोण सांगणार? दुकानात येईल त्याला तासभर सांगता. घरात कधी एक शब्द काढलात?"

गावभर उजेड पाडला आणि दिव्याखाली अंधार. मला त्या दोघांचीही इतकी दया आली की कुणाची बाजू घ्यावी कळेना.

बाबांनी दुकानातली पाटी आणली आणि खडू माझ्या हातात दिला. स्वतः लिहिणार नव्हते, आणि का, ते आता विचारायची गरज नव्हती. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: 'थंडीपासून इथून नेलेली प्रत्येक जोडणी परत आणा. शिसं सुटत नाही. वापरू नका. चूक गाठमास्तरांची.'

"माझी म्हणून लिही," आई मागून म्हणाली.

"हात माझे गेलेत," बाबा म्हणाले. "तुझ्या गाठीत काही खोट नाही. माझ्यापेक्षा चांगली आहे." हे त्यांनी आजवर कुणालाही म्हटलेलं नव्हतं. आईने पदर डोळ्यांना लावला.

पाटी दारावर लावली आणि दुपारपर्यंत लोक जोडण्या परत घेऊन यायला लागले. ओरडायला आलेलेही पाटी वाचून आवाज खाली करत होते. पोस्टमन टोपी काढून उभाच राहिला. "मास्तर, तुमच्या हातून असं होईल असं वाटलं नव्हतं," म्हणाला. "मलाही," बाबा म्हणाले. आतल्या दाराशी आई ऐकत होती. ती पुढे यायला निघाली, तर बाबांनी मान न वळवता हाताने थांब म्हणून सांगितलं. तो हात थरथरत होता आणि आज त्यांनी तो लपवला नाही.

नंतर त्यांनी खिडकीजवळची खुर्ची उचलायला घेतली. त्यांना जमेना, म्हणून आम्ही दोघींनी ती आत नेली. आईला तीत बसवून त्यांनी परत आलेल्यांतली एक जोडणी तिच्या मांडीवर ठेवली.

"टोपी काढ. आता पुन्हा सरकव. दाबू नकोस, नुसती टेकव. हं. आता शिसं धरून हिसका दे."

आईने हिसका दिला. शिसं फरशीवर पडलं. ती दचकली.

"असं पडलं पाहिजे," बाबा म्हणाले.

मी दुकानात परत आले. बाबाही माझ्यामागून आले आणि काउंटरशेजारच्या स्टुलावर, जिथे एरवी गिऱ्हाइकं बसतात तिथे, हात मांड्यांत धरून बसले. मग आत फरशीवर एक शिसं पडल्याचा आवाज आला. जरा वेळाने दुसरं. बाबा मान खाली घालून ऐकत होते आणि प्रत्येक वेळी किंचित मान हलवत होते.