ठिणगी न उडवणारं मशीन

"साहेब, ठिणगीच उडत नाय, मग वेल्डर काय करतो हो?"

वर्गातल्या रुपालीने पैज लावली म्हणून हर्षालीने भर कारखान्यात विचारलं. हल्ली ती कुणाच्या बापाला भीत नव्हती! शेणवे गावच्या शाळेची सहल मुरबाडच्या या कारखान्यात आली होती. समोरच्या नव्या मशीनचा गरगरता दांडा ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांच्या सांध्यावरून सरकत होता, आणि नुसत्या घासण्याने मऊ होऊन पत्रे एकजीव होत होते.

"वेल्डर लागतच नाही, बाळ," साहेब हसले. "पुढच्या महिन्यापासून सगळे घरी."

पोरी खिदळल्या. हर्षालीही हसत वळली, तर मागे तिचे बाबा, याच कारखान्यातले पंढरी वेल्डर, काळ्या काचेचा मुखवटा हातात धरून उभे. काम सुटणार याचं घरी त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. "आता जाऊ कुठं? दुसरं येतंच काय मला?" एवढंच बोलले. आई पदर तोंडाला लावून चुलीपाशी बसली. जेवणाला कुणी हात लावला नाही.

हर्षाली दोघांच्या मधे येऊन बसली.

"बाबा, आई, ऐका. दहावी झाली की मी आयटीआयला जाणार. तुमच्या पोटावर पाय देणारं ते मशीन मीच चालवणार. मग रागवा, नायतर मारा."