पिवळं कोलंबाइन

“थंडी पडली की हे पार नाहीसं होतं, काडीसुद्धा दिसत नाही. तरी मेलं समजून उकरू नकोस हं,” खालच्या मावशी टॅक्सीत बसता बसता म्हणाल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या तीन महिने भावाकडे निघाल्या होत्या. “ताईच्या हातचं निळ्या फुलांचं कोलंबाइन आहे. ती गेली, आता एवढंच उरलंय तिचं.”

“हो हो, मावशी. तुम्ही अगदी निवांत राहा,” ती म्हणाली. तिचं अर्धं लक्ष वरच्या मजल्यावर होतं. तिची तान्ही ठकू रडतेय, असं तिला वाटत होतं. ते तिला दिवसभर वाटायचं.

मग ठकूला खोकला झाला. डॉक्टर, औषध, वाफ, पुन्हा डॉक्टर. पंधरा दिवसांनी ती पाण्याची झारी घेऊन खाली आली, तर पायरीशेजारी नुसती माती. आपण पाणी घातलं नाही, एवढंच तिच्या मनात आलं. मावशींना रिकामी जागा दिसता कामा नये, नवं आणून लावू, म्हणून तिने स्वयंपाकघरातल्या मोठ्या चमच्याने उकरायला घेतलं.

मूळ गाजराएवढं जाड होतं आणि खोल गेलेलं. ओढताना ते मधेच तुटलं. तुटलेली बाजू पांढरीशुभ्र, ओली. वरच्या टोकाला जांभळट कोंब. तेव्हा मावशींचं बोलणं तिला शब्दन् शब्द आठवलं.

तिने ते मूळ ठकूच्या डायपरच्या पिशवीत तळाशी घातलं आणि पिशवीला दोन गाठी मारल्या.

थंडी सरता सरता ती रोपवाटिकेत गेली.

“निळं कोलंबाइन आहे?”

“कोलंबाइन आहे. निळं की काय, ते एवढ्याशा कळीवरून कसं सांगू, ताई? उमललं की कळेल.”

तिने ते पायरीशेजारी लावलं. मावशी काठी टेकत परतल्या, त्यानंतर महिन्याभरात ते उमललं. पिवळं. पाकळ्यांमागच्या लांब शेपट्यासुद्धा पिवळ्या.

“अरे वा! निळ्याचं पिवळं!” नवरा पायरीवरून ओरडला. “मावशी, तुमच्या माघारी हिने जादू केली बघा. मलाही बदलून आण म्हणावं, जरा बरा नवरा मिळेल तिला.”

“गप रे, चावट,” मावशी हसल्या. काठीवर भार देऊन त्या हळूहळू वाकल्या. पान उलटून पाहिलं, बुंध्याजवळची माती बोटाने दाबली. ती ठकूच्या टोपीची नाडी सोडत होती, बांधत होती.

“मावशी, ते...”

“बी पडून उगवलं असेल गं,” मावशी तिच्याकडे न बघता म्हणाल्या. “ताईकडे पिवळीही होती. यांचं असंच असतं. कुणाचं बी कुठे, रंग कुठला. छान निगा राखलीस हो.”

संध्याकाळी त्या तिला कागदाची घडी देऊन गेल्या. “गेल्या वर्षीचं निळ्याचं बी. तुझ्या खिडकीत लाव.”

वर येऊन तिने घडी उघडली. काळे, चकचकीत दाणे. कागदावर मावशींचं किरटं अक्षर: वर माती टाकू नये, उजेड लागतो. पहिल्या वर्षी नुसती पानं. फूल दुसऱ्या वर्षी.

तिने पुन्हा वाचलं. फूल दुसऱ्या वर्षी; मावशी तर तीनच महिने गेल्या होत्या. मग पलंगाच्या कडेला बसली.

“काय गं, काय झालं?” नवऱ्याने विचारलं.

“काही नाही.”

तेव्हापासून ती चपला हातात घेऊन जिना उतरते. मावशी समोरासमोर आल्या तर काय बोलायचं, ते ती भांडी घासताना मनाशी घोकते. पहिलं वाक्य जमतं, दुसऱ्यापाशी हात थांबतात.

परवापासून खालची खिडकी उघडलेली नाही. फरशीवर काठीचा आवाजही नाही. गेल्या असतील भावाकडे, नवरा म्हणतो. सांगून गेल्या असत्या की, असं ती म्हणत नाही. आज दोनदा ती अर्ध्या जिन्यापर्यंत गेली आणि परत फिरली. ठकू आत्ता कुठे झोपलीय, असं स्वतःला सांगत.

तुम्ही त्या बाजूने जाणार असाल, तर पायरीला लागून असलेलं डाव्या हाताचं दार तेवढं वाजवून बघा. मावशींना उठून यायला वेळ लागतो. लगेच मागे फिरू नका.